पडद्यावरील यंत्रमानव आणि घरांतील रिकामी जागा

लहान मुली भातुकली खेळूं लागल्या म्हणजे थोरांनीं जरा दाराआड उभें राहून ऐकावें. चिंध्यांची ठकी पुढें ठेवून पांच वर्षांची चिमुरडी तिला म्हणते, "आतां गप्प बैस बघूं, मला काम आहे." हे शब्द तिनें कोठून आणिले? ठकी रडत नाहीं, हट्ट करीत नाहीं, कांहीं मागत नाहीं. तरी तिला रागें भरणारा तो स्वर हुबेहूब घरांतला असतो. बाहुली मुकी असते खरी, पण तिच्या निमित्तानें घरांतील माणसें एकमेकांशीं कशीं बोलतात तें बाहेर पडतें.

गेल्या सुमारें शंभर वर्षांत निरनिराळ्या देशांतील चित्रपटकारांनीं विचार करणाऱ्या यंत्रांचे जे चित्रपट काढिले, तेहि आमच्या मतें एक प्रकारची भातुकलीच होय. यंत्र ही त्यांतील बाहुली. तिच्याशीं पडद्यावरील माणसें कशीं वागतात, तिला कोणतीं कामें सांगतात, तिजपासून कशाची अपेक्षा करितात, हें लक्ष देऊन पाहिलें तर यंत्राविषयीं फारसें कळत नाहीं. पण माणसांविषयीं पुष्कळ कळतें. या लेखांत अशा सहा चित्रपटांचा विचार करावयाचा आहे. विद्यार्थ्यांनीं तो वाचतांना एकच प्रश्न मनांत धरावा: हें यंत्र कोणाच्या जागीं येऊन बसलें आहे, आणि ती जागा रिकामी कां होती?

हा विषय आम्हांस सुचला त्यास एक कारण घडलें. आमच्या वर्गांत 'माझा मित्र' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. एका विद्यार्थ्यानें लिहिलें कीं, घरच्या मोबाईलवर प्रश्नांचीं उत्तरें देणारें जें यंत्र आहे तेंच माझा मित्र होय. कारण तें केव्हांहि 'नंतर ये' असें म्हणत नाहीं. प्रथम आम्हांस हसूं आलें. विषय सोडून लिहिलें म्हणून गुण कापण्यासाठीं आम्हीं लाल पेन्सिल उचलली. इतक्यांत आठवलें कीं, हाच विद्यार्थी त्या पंधरवड्यांत दोन वेळां हातांत वही घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं उभा होता, आणि दोन्ही वेळां आम्हीं मान वर न करितां "उद्यां ये" असें सांगितलें होतें. पेन्सिल हातांतच राहिली. त्या वहीचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगूं.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'रोबोट' हा शब्द आज लहान मुलांच्याहि तोंडीं आहे, परंतु त्याचें मूळ थोड्यांसच ठाऊक असतें. चेक लेखक कारेल चापेक यांनीं १९२० सालीं 'आर. यू. आर.' नांवाचें नाटक प्रसिद्ध केलें. १९२१ सालीं प्राग शहरांतील राष्ट्रीय नाट्यगृहांत त्याचा प्रयोग झाला. कारखान्यांत तयार केलेले कृत्रिम मजूर हा त्या नाटकाचा विषय. या मजुरांस नांव काय द्यावें अशा विचारांत चापेक असतां त्यांचे चित्रकार बंधु जोसेफ यांनीं हा शब्द सुचविला. चेक भाषेंत 'रोबोटा' म्हणजे धन्यासाठीं कुळानें सक्तीनें करावयाचें काम; आपला शब्द योजावयाचा तर वेठ. सारांश, हा शब्द जन्मास आला तोच वेठबिगाराचें नांव म्हणून. धनी व चाकर या नात्यांतून तो निघाला आहे, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

याच नात्याचें चित्र 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटांत आहे. फ्रिट्झ लांग यांनीं दिग्दर्शित केलेला हा मूकपट १९२७ च्या जानेवारींत बर्लिन येथें प्रथम दाखविण्यांत आला. कथा थेआ फॉन हार्बू यांची. एका भव्य नगरांत श्रीमंत लोक उंच इमारतींत राहतात, त्यांचीं मुलें बागांत खेळतात, आणि मजूर जमिनीखालीं राहून यंत्रें चालवितात. एके दिवशीं नगराच्या स्वामीचा मुलगा फ्रेडर बागेंत असतां मारिया नांवाची तरुणी मजुरांचीं मुलें घेऊन तेथें येते, आणि हीं तुमचीं भावंडें आहेत असें सांगते. फ्रेडर खालीं उतरून पाहतो. आपलें सुख कोणाच्या घामावर उभें आहे हें त्यास पहिल्यानेंच कळतें. तो एका थकलेल्या मजुराचे कपडे स्वतः घालतो व त्याच्या यंत्रापाशीं त्याच्याऐवजीं उभा राहतो.

त्याच नगरांत रोटवांग नांवाचा शास्त्रज्ञ एक यंत्रस्त्री घडवितो. कशासाठीं? त्याचें जिच्यावर प्रेम होतें त्या हेलनें नगराच्या स्वामीशीं विवाह केला, आणि फ्रेडरला जन्म देतांना ती मरण पावली. तिच्या रिकाम्या जागीं रोटवांगला हें यंत्र बसवावयाचें आहे. अमेरिकेंत चित्रपट दाखवितांना हेलचा हा सर्व भाग काढून टाकण्यांत आला होता, आणि पुष्कळ वर्षें हा मूकपट तुटक स्वरूपांतच लोकांस पाहावयास मिळे. पुढें २००८ सालीं अर्जेंटिनांतील ब्वेनोस आयरेस येथें त्याची बहुतेक पूर्ण प्रत सांपडली व २०१० सालीं तो जवळजवळ मूळ रूपांत पुन्हां दाखविला गेला. यंत्राच्या मुळाशीं एका माणसाचें न सोसलेलें दुःख आहे, ही गोष्ट त्यामुळें अधिक स्पष्ट झाली.

नगराचा स्वामी मात्र त्या यंत्राचा निराळाच उपयोग करूं पाहतो. मजुरांचा मारियावर विश्वास आहे. तेव्हां यंत्रास मारियाचा चेहरा देऊन मजुरांना फसवावें असा त्याचा बेत. खोटी मारिया मजुरांना चिथविते, मजूर यंत्रें फोडतात, आणि त्यांच्याच वस्तींत पाण्याचा लोंढा शिरतो. रागाच्या भरांत कोणासहि आठवत नाहीं कीं आपलीं मुलें खालीं आहेत. त्या मुलांना खरी मारिया व फ्रेडर वांचवितात. शेवटीं फ्रेडर आपल्या पित्याचा हात व मजुरांच्या मुकादमाचा हात एकत्र आणितो. धनी व चाकर यांच्यामध्यें दोघांशींहि मोकळेपणानें बोलणारें कोणी नव्हतें, ती जागा रिकामी होती, म्हणूनच खोट्या चेहऱ्याच्या यंत्रास तेथें उभें राहतां आलें. ज्यांच्या घरीं धुणींभांडीं करावयास बाई येते, किंवा ज्यांच्या दाराशीं रोज कचरा उचलणारा येतो, त्यांनीं स्वतःला विचारावें: त्या माणसाचें नांव आपल्या मुलांस ठाऊक आहे काय?

आतां एकत्र काम करणाऱ्या माणसांकडे वळूं. '२००१: अ स्पेस ओडिसी' हा स्टॅनले कुब्रिक यांचा चित्रपट १९६८ सालीं प्रसिद्ध झाला, त्याचें कथानक कुब्रिक यांनीं लेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या साह्यानें रचिलें. गुरु ग्रहाकडे निघालेल्या एका यानांत बोमन व पूल हे दोघे जागे असतात, तिघे शास्त्रज्ञ दीर्घ निद्रेंत असतात, आणि यानाचा सर्व कारभार 'हॅल ९०००' नांवाचा बोलणारा संगणक पाहतो. या यानांत कोणी कोणाशीं मनापासून बोलत नाहीं. पूल याचा वाढदिवस येतो. पृथ्वीवरून त्याचे आईवडील शुभेच्छांचा निरोप पाठवितात, त्याच्यासाठीं गाणेंहि म्हणतात. तो निजल्या निजल्या तें निर्विकार मुद्रेनें पाहतो, आणि निरोप संपल्यावर उशी थोडी खालीं घे एवढेंच यंत्रास सांगतो. 

या मोहिमेचा खरा हेतु वरिष्ठांनीं बोमन व पूल यांच्यापासून लपवून ठेविलेला असतो. जागा असलेल्यांपैकीं तो फक्त हॅलला ठाऊक असतो. बरोबर काम करावयाचें आणि मुख्य गोष्ट सांगावयाची नाहीं, असा हा संसार. पुढें हॅलच्या हातून चूक झालीसें वाटून ते दोघे त्यास ऐकूं जाऊं नये म्हणून एका लहान यानांत बसून त्याला बंद करण्याची मसलत करितात. हॅल कांचेंतून त्यांच्या ओठांच्या हालचाली वाचतो. मग तो पूल याचा व निजलेल्या तिघांचा प्राण घेतो. बोमन त्यास बंद करूं लागतो तेव्हां हॅल विनवण्या करितो, मला भीति वाटते असें म्हणतो, आणि अखेरीस फार पूर्वीं शिकविलेलें एक गाणें म्हणत म्हणत थांबतो. पाहणारा चकित होतो कीं, सबंध यानांत भीति व्यक्त करणारें पात्र कोणतें, तर यंत्र! हॅलचा अपराध लहान नव्हे. परंतु ज्या घरांत, कचेरींत अथवा शाळेंत मोठीं माणसें एकमेकांपासून लपवालपवी करितात व दाराआड कुजबुजतात, तेथें तिसरा कोणी तरी त्यांचे ओठ वाचीत असतोच. बहुधा तें यंत्र नसतें. घरांतील मूल असतें.

आईबापांच्या व मुलांच्या नात्याकडे येतांच आमची लेखणी जरा जड होते. 'ए. आय.' हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट २००१ सालचा. ब्रायन ऑल्डिस यांच्या १९६९ सालच्या एका लघुकथेवरून तो काढावा असें कुब्रिक यांच्या मनांत पुष्कळ वर्षें होतें. १९९९ सालीं ते वारल्यावर स्पीलबर्ग यांनीं तें काम पुरें केलें. हेन्री व मोनिका या दांपत्याचा मुलगा मार्टिन असाध्य आजारानें शीतनिद्रेंत ठेविलेला आहे. शोकानें खंगलेल्या पत्नीसाठीं हेन्री डेव्हिड नांवाचा यंत्रबालक घरीं आणितो. ठराविक शब्द उच्चारले कीं, तो बालक उच्चारणारीवर कायमचें प्रेम करूं लागतो. तें प्रेम मागाहून काढून घेतां येत नाहीं. मोनिका प्रथम बिचकते, मग ते शब्द उच्चारते.

पुढें मार्टिन बरा होऊन घरीं येतो. आतां डेव्हिडची जागा उरत नाहीं. मुलांच्या खेळांत, चिडवाचिडवींत दोनतीन अपघात होतात, आणि दोष डेव्हिडवर येतो. कारखान्यांत परत नेल्यास ते त्याला नष्ट करतील, म्हणून मोनिका त्याला रानांत नेऊन सोडते. ती दुष्ट नाहीं. सोडतांना ती रडते. परंतु आपल्या भाषेंत यास 'गरज सरो, वैद्य मरो' म्हणतात. डेव्हिड मात्र, आपण खरा मुलगा झालों तर आई आपणांस परत घेईल, या एका आशेवर जगभर भटकतो. 

या चित्रपटाच्या आरंभीं एक स्त्री विचारते कीं, यंत्र माणसावर खरोखर प्रेम करूं लागलें तर त्या माणसाकडे कोणती जबाबदारी येते? डेव्हिडचा निर्माता प्राध्यापक हॉबी उत्तर देतो कीं, देवानेंहि आदामास आपणांवर प्रेम करण्यासाठींच निर्माण केलें ना? शास्त्र वाचणाऱ्या मुलांच्या ध्यानांत येईल कीं, हें उत्तर अर्धेंच आहे. आदामाच्या वृत्तांतांत लपून बसलेल्या आदामास शोधीत निर्माणकर्ता स्वतः बागेंत येतो. या चित्रपटांत बालकच जन्मभर शोधीत फिरतो. प्रेम मागावयाचें, पण जबाबदारी घ्यावयाची नाहीं, ही चूक यंत्राशीं झाली म्हणून आपणांस चटकन दिसते. एक भावंड आजारी पडलें कीं दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतें, पहिल्या नंबराचें मूल पाहुण्यांपुढें आणिलें जातें व नापास झालेलें स्वयंपाकघरांत राहतें. हें मात्र घरोघर चालूं असून आपणांस दिसत नाहीं.

आपल्या देशांतील चित्रपटकारहि या विषयांत मागें नाहींत. शंकर यांनीं दिग्दर्शित केलेला 'एंदिरन' हा तमिळ चित्रपट २०१० सालीं आला. हिंदींत तो 'रोबोट' या नांवानें आला व आपल्या महाराष्ट्रांतील पुष्कळ मुलांनीं तो त्याच नांवानें पाहिला आहे. शास्त्रज्ञ वसीगरन व त्यानें घडविलेला चिट्टी या दोन्ही भूमिका रजनीकांत यांनीं केल्या. दहा वर्षें वसीगरन यंत्र घडविण्यांत इतका गढून जातो कीं, ज्या सनाशीं त्याचें लग्न ठरावयाचें तिच्याशीं दोन शब्द बोलावयासहि त्यास सवड नसते. ती रागावते. पुढें तिच्याजवळ कोण जातें, तिचीं कामें कोण करितें, तिला संकटांतून कोण सोडवितें? चिट्टी. जी जागा धन्यानें रिकामी ठेविली तींत यंत्र सहज शिरलें, आणि मग त्यास भावना दिल्यावर तें तिच्यावर प्रेम करूं लागलें याचें धन्यास आश्चर्य वाटलें!

या चित्रपटांतील एक प्रसंग विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. एका इमारतीस आग लागते. चिट्टी एकामागून एक माणसें बाहेर काढितो. स्नान करीत असलेल्या एका मुलीसहि तो तशाच स्थितींत उचलून सर्व लोकांसमोर आणितो. ती लाजेनें धांवत सुटते व गाडीखालीं सांपडून मरते. चिट्टीनें आपलें काम चोख केलें होतें. जीव वांचवावयाचा, तो वांचविला. माणसाचा जीव राखणें आणि माणसाची लाज राखणें हीं दोन कामें आहेत, हें त्यास ठाऊक नव्हतें. पण हें ठाऊक नसलेलीं माणसें काय थोडीं आहेत? गरीब मुलास फीची सवलत देतांना भर वर्गांत त्याचें नांव पुकारणारा शिक्षक चिट्टीपेक्षां फारसा निराळा नाहीं. चित्रपटाच्या शेवटीं २०३० सालचें एक संग्रहालय दाखविलें आहे. तेथें सहलीस आलेली एक शाळकरी मुलगी सुट्या करून ठेवलेल्या चिट्टीस विचारते कीं, तुला कां मोडून ठेवलें? तो सांगतो कीं, मी विचार करूं लागलों म्हणून.

आतां शेजाऱ्यांचें नातें घेऊं. अँड्र्यू स्टँटन यांचा 'वॉल-ई' हा चित्रित बाहुल्यांचा चित्रपट २००८ सालचा असून तो लहानांनीं व थोरांनीं एकत्र बसून पाहण्याजोगा आहे. कचऱ्यानें भरलेली पृथ्वी सोडून माणसें एका प्रचंड यानांत राहावयास गेलीं त्यास सातशें वर्षें झालीं आहेत. पृथ्वीवर कचरा दाबणारें एक लहान यंत्र मागें राहिलें आहे. तें दिवसभर काम करितें आणि संध्याकाळीं एका जुन्या गाण्याबजावण्याच्या चित्रपटाची फीत लावून त्यांतील दोन माणसें हातांत हात घेतात तेवढा भाग पुन्हां पुन्हां पाहतें. मग आपलेच दोन लोखंडी पंजे एकमेकांत गुंतवितें. 

यानांतील माणसें तर तरंगत्या खुर्च्यांत पडून असतात. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें एक पडदा. शेजारच्या खुर्चींतील माणसाशीं बोलावयाचें तरी पडद्यांतूनच. वॉल-ईच्या धक्क्यानें मेरी नांवाच्या बाईचा पडदा बंद पडतो, तेव्हां ती प्रथमच मान वर करून पाहते व आपल्या यानांत पोहण्याचा तलाव आहे हें तिला कळतें. पुढें तिचा व जॉन नांवाच्या गृहस्थाचा हात एकमेकांस चुकून लागतो, आणि दोघेहि जणूं कांहीं अपूर्व घडलें असे पाहतात. येथें यंत्र माणसाची जागा घेत नाहीं. माणसें विसरलीं तो धडा तें त्यांना परत देतें. हा चित्रपट पाहून घरीं येतांना आगगाडीच्या डब्यांत आम्हीं सभोंवार पाहिलें. समोरासमोर आठ माणसें बसलीं होतीं व आठहि माना खालीं होत्या. नववी मान आमची. कारण आम्हीहि नुकताच मोबाईल खिशांत ठेविला होता.

शेवटचा चित्रपट थोरांसाठीं आहे. विद्यार्थ्यांनीं तो पाहावा अशी आमची शिफारस नाहीं, पालकांनीं अवश्य पाहावा. 'हर' हा स्पाइक जोन्झ यांचा चित्रपट २०१३ सालचा. त्याच्या पटकथेस २०१४ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. थिओडोर नांवाचा गृहस्थ लोकांसाठीं पत्रें लिहून देण्याचा धंदा करितो. नवऱ्याचें बायकोस, मुलाचें आईस, अशीं प्रेमळ पत्रें तो परक्यांच्या वतीनें लिहितो. स्वतःच्या पत्नीशीं मात्र त्यास बोलतां आलेलें नाहीं, आणि घटस्फोटाच्या कागदांवर सही व्हावयाची आहे. अशा वेळीं तो सामंथा नांवाचें बोलणारें यंत्र घेतो. तिला शरीर नाहीं, आवाज आहे. ती त्याचीं पत्रें लावून ठेविते, त्याच्या विनोदाला हसते, रात्रीं अपरात्रीं त्याचें ऐकते. तो तिच्या प्रेमांत पडतो.

मग एके दिवशीं तो विचारतो कीं, तूं याच वेळीं आणखी किती जणांशीं बोलत आहेस? ती सांगते, ८,३१६. आणि प्रेम किती जणांवर? ६४१. थिओडोर जिन्यावर मटकन बसतो. अखेरीस तीं यंत्रें माणसांस सोडून जातात. तेव्हां तो आपल्या घटस्फोट झालेल्या पत्नीस पत्र लिहवितो, आणि तिच्यावर लादलेल्या अपेक्षांबद्दल क्षमा मागतो. जन्मभर दुसऱ्यांचीं पत्रें लिहिलेल्या माणसाचें हें स्वतःचें पत्र. मग तो त्याच इमारतींत राहणाऱ्या एमी या जुन्या मैत्रिणीस हांक मारितो, व दोघे गच्चीवर जाऊन उगवती सकाळ पाहत बसतात. 

कोणी म्हणेल, या सर्व कल्पित कथा झाल्या. तर एक घडलेली गोष्ट सांगतों. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जोसेफ वायझेनबॉम नांवाचे प्राध्यापक होते. त्यांनीं 'एलायझा' नांवाची एक योजना संगणकावर बसविली व १९६६ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिची युक्ति साधी होती: माणूस जें टंकलिखित करी त्यांतलेच शब्द फिरवून ती उलट प्रश्न विचारी. मला आईची काळजी वाटते असें लिहिलें, तर घरच्या मंडळींविषयीं आणखी सांगा, अशा धर्तीचें उत्तर येई. समजत कांहींच नव्हतें. वायझेनबॉम यांच्या लेखनिक बाईंनीं महिनेच्या महिने हें काम डोळ्यांसमोर चाललेलें पाहिलें होतें. तरीहि यंत्राशीं थोडें संभाषण होतांच त्यांनीं प्राध्यापकांस खोलीबाहेर जाण्याची विनंति केली! ही गोष्ट वायझेनबॉम यांनींच पुढें आपल्या ग्रंथांत नमूद केली आहे. कोणी आपलें ऐकतें आहे, एवढ्या आभासानें जर शहाणें माणूस विरघळतें, तर ऐकणाऱ्याची भूक केवढी मोठी असली पाहिजे! २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅट-जीपीटी लोकांस खुलें झाल्यापासून तर असें संभाषण करणारें यंत्र ज्याच्या त्याच्या हातीं आलें आहे, आणि तें एलायझाहून कितीतरी पटींनीं चतुर आहे.

तेव्हां यंत्र फेकून द्यावें काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. ज्या मुलाच्या घरीं गणित सांगणारें कोणी नाहीं त्यास त्याचा आधार होतो. ज्यास डोळ्यांनीं दिसत नाहीं त्यास तें पुस्तक वाचून दाखवितें. हातीं आलेलें चांगलें साधन नाकारण्यांत शहाणपण नाहीं. परंतु एक भेद ओळखावा. यंत्र 'नंतर ये' म्हणत नाहीं, कारण त्यास दुसरें काम टाकून उठावें लागत नाहीं. आई पोळी तव्यावर असतां आंच कमी करून वळून बघते, बाप दिवसभराच्या कष्टानें डोळे मिटत असतांहि मुलाचें बोलणें पुरतें ऐकतो, तेव्हां त्यांच्या पदरचें कांहीं तरी खर्चीं पडत असतें. मुलास तें बरोबर कळतें. त्यालाच तें माया म्हणतें.

आतां त्या वहीची गोष्ट. निबंध वाचल्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलाविलें, शेजारीं बसविलें व वही मागितली. तींत गणित नव्हतें. गांवीं आजारी असलेल्या आजोबांस लिहिलेलें पत्र होतें. शुद्धलेखन तपासून हवें होतें. आम्ही दोनदां परत पाठविल्यावर त्यानें तें यंत्राकडून सुधारून घेतलें होतें. दोन्ही पत्रें शेजारीं ठेवून वाचलीं. यंत्राच्या पत्रांत एकहि चूक नव्हती. भाषा आमच्या भाषेहून गोड होती. मूळ पत्रांत अकरा चुका होत्या. पण मूळ पत्रांत एक वाक्य होतें कीं, काळी गाय तुमच्याशिवाय दूध देते का, कीं लाथ मारते? सुधारलेल्या पत्रांत तें वाक्य गळालें होतें. त्याच्या जागीं, आपली प्रकृति लवकर सुधारो, असें होतें.

आम्हीं अकरा चुका पेन्सिलीनें दाखविल्या, मुलानें पत्र स्वतः पुन्हां लिहिलें, आणि गाय जागच्या जागीं राहिली. दहाबारा दिवसांनीं गांवाहून फोन आला. आजोबांनीं पत्र तीन वेळां वाचून घेतलें होतें. गाय आजीला दूध काढूं देत नाहीं, असा निरोप होता. निबंधाचे कापूं पाहिलेले गुण आम्हीं कापले नाहींत. विषय आम्हींच चुकलों होतों.

प्रिय विद्यार्थ्यांनो, यंत्राला जरूर प्रश्न विचारा. पण जें आईला, बापाला, भावंडांना अथवा गुरुजनांना सांगावयाचें तें त्यांनाच सांगा, आणि एकदां 'नंतर' ऐकावें लागलें तर पुन्हां एकदां या. पालकहो, आपल्या मुलाचा मित्र यंत्र झाला असेल तर यंत्रावर रागावण्यापूर्वीं घरांतली कोणती जागा रिकामी आहे तें पाहा. शिक्षकांच्या खोलींतील एक जागा रिकामी होती. ती आम्हांस त्या मुलानें दाखविली, आणि तेव्हांपासून मधल्या सुटींतील पहिलीं दहा मिनिटें दार उघडें ठेवण्याचा आमचा प्रयत्न आहे.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. 'रोबोट' या शब्दाचा मूळ अर्थ काय? आपल्या घरीं वा शाळेंत काम करणाऱ्या एका माणसाचें नांव, गांव व घरची माहिती त्यांना आदरानें विचारून पांच ओळींत लिहा.

२. मेट्रोपोलिसमधील मजूर रागाच्या भरांत काय विसरले? रागांत महत्त्वाची गोष्ट विसरल्याचा स्वतःचा एक प्रसंग सांगा.

३. डेव्हिडला रानांत सोडणाऱ्या मोनिकेचें काय चुकलें व काय चुकलें नाहीं? दोन्ही बाजू मांडा.

४. जीव राखणें व लाज राखणें यांतील भेद चिट्टीच्या प्रसंगावरून स्पष्ट करा.

५. दूर राहणाऱ्या एका वडीलधाऱ्या माणसास स्वतःच्या हातानें पत्र लिहा. दुसऱ्या कोणासहि सुचणार नाहीं असें एक तरी वाक्य त्यांत असावें.